तो तुमचा कोण?

हॅलो?

कोण? … अहो वन्सं, तुम्ही होय! मला वाटलं परत तो विमेवाला. … छे, झोपतेय कसली. कॉफी घेत बसलेय. … एकटीच. का? कोण असायला हवं होतं?

आज गुरुवार? … हो का. बघा, ध्यानातच नाही माझ्या. … नाही हो, पेपर कुठला वाचायला. टपालाच्या डब्यातून आणलासुद्धा नाही अजून. एवढ्या बर्फात कोण जातंय रस्त्यापर्यंत. … काय आलंय एवढं? चर्चच्या जेवणाचं आलं का? … शेरीफचं पान? पोलिसांना कुणाकुणाचे फोन गेले त्याची यादी? अहो, ते कोण वाचतं! … बरं, तुम्ही वाचता. भिंग घेऊन वाचता, माहितीये मला. … वाचा. ऐकतेय.

हं. … हं. … ‘शनिवार, संध्याकाळ. टॅमरॅक रोड. शेडमधून धूर येत असल्याचा व बर्फात साठीचा एक विवस्त्र इसम लोळत असल्याचा ९११ वर फोन.’ … बरं. … ‘धूर नसून वाफ असल्याचे आढळले. सौना.’ … अय्या! कोण असेल हो?

टॅमरॅक रोडवर घरं दोनच, मान्य. … एक माझं, मान्य. … मग दुसऱ्या घरातले असतील. ते नवे, प्रेस्कॉट. पुलापलीकडून आलेली परमुलखातली माणसं, त्यांचं काय सांगावं … नाही, त्यांच्याकडे सौना नाही. … नाही, तात्पुरतीसुद्धा नाही. … हो, फोन त्यांनीच केला असणार. वाफ दिसली की आग म्हणतात! शनिवारी संध्याकाळी आख्खं गाव आपापल्या सौनेत वाफ घेत बसतं, म्हणून काय बंब बोलवायचा? उद्या माझ्या किटलीवर पाणी मारायला लावतील.

आणि वन्सं, नाव आहे का त्यात कुणाचं? … नाही ना? नावं छापत नाहीत. घराचा नंबर छापत नाहीत. कायदाच आहे तसा. माणसाची लाज झाकलेली राहावी म्हणून. … झाकली नाही म्हणजे? कुणाची झाकली नाही?

अहो, ‘साठीचा इसम’ नाही, ‘सत्तरीचा’ लिहिलंय. नीट वाचा. …

… मला कसं … बरं! वाचलाय मी पेपर! उजाडता उजाडता जाऊन आणलाय, गुडघाभर बर्फातून. झालं समाधान?

… हो. ताउनोच होता. नाव घेताना एवढं अडखळायला काय झालं? तुमच्या भावाचा, आर्वोचा, जन्माचा दोस्त. खाणीत एका पाळीला जायचे दोघं. आर्वो गेल्यावर लाकडं कोण फोडून देतंय मला? … तेच सांगतेय. शेगडी दुरुस्त करायला आला होता. सौनेतली शेगडी. धूर कोंडत होता. … आता दुरुस्त केली तर पेटवून बघायला नको? … पेटवली तर तापणार. … तापलेल्या सौनेत काय कोट घालून बसेल माणूस?

… मी कुठे होते? … मी इथेच. स्वयंपाकघरात. कॉफी टाकत होते. … इथनंच दिसलं. खिडकीतनं. … हो, ही खिडकी रस्त्याकडे आहे. … हो, सौना मागच्या अंगाला आहे. … घर तुमच्या भावानं बांधलं, तेव्हा खिडक्या तुम्हाला पाठ असणारच …

थांबा, थांबा, दार वाजतंय. धरा हं.

… ये गं लायला. … हे काय? … ट्यूना कॅसरोल? अगं, ते मयताच्या घरी नेतात! कुणी गेलं नाही आमच्याकडे! … आजारीही नाही. … नाही, तो इथे नाही. मान उंच करून बघू नकोस, आत कुणी नाहीये. … बरं, ठेव तिथे. भांडं रविवारी देते. … हो, सांगते हं त्याला. … म्हणजे भेटला तर सांगते!

… हॅलो? लायला होती. कॅसरोल घेऊन. सकाळपासूनचं तिसरं. पहिलं दिलं ते मयताला देतात तसं तोंड करून, दुसरं देणारी नुसती हसत होती, आणि ही लायला, हिला सौना कुठल्या बाजूला आहे ते बघायचं होतं. … नाव छापलं नाही म्हणे! नाव छापलं असतं तर निदान प्रत्येकीला मीच सांगायची वेळ आली नसती.

काय? … खालची ओळ? … हो, आहे की खाली आणखी एक ओळ. वाचा, तीही वाचा. … ‘त्याच परिसरातून स्त्रीचा फोन. पुरुष बेशुद्ध. मदत पोहोचण्यापूर्वी शुद्धीवर. दवाखान्यात जाण्यास नकार. कॉफी घेतली.’ … हे ‘कॉफी घेतली’ कुणी सांगितलं यांना? कॉफी घेतली ही काय सरकारी बाब आहे?

नाही हो, मोठं काही नाही. पाणी प्यायला नव्हता पुरेसं. त्यात एवढी वाफ. सत्तरी उलटली तरी तरुणपणाची खोड जाईना, तापला की बाहेर पळायचं आणि बर्फात लोळायचं, रेडकासारखं. तर लोळला. आणि उठेचना. … मला आधी वाटलं चेष्टा करतोय. मेल्याला सवयच आहे. मी म्हटलं, ‘पुरे आता, थंडी आत येतेय, दार लाव.’ …

… थंडी आत कुठे येतेय म्हणजे? … स्वयंपाकघरात. …

वन्सं, तुम्ही नका हं माझी उलटतपासणी घेऊ. मागच्या मार्चात काय छापून आलं होतं? ‘वृद्ध महिलेने अंगणात अस्वल शिरल्याचे कळवले. अस्वल नव्हते. पाद्रीसाहेब होते.’ … नाव नव्हतं, बरोबर! तरी त्या रविवारी प्रवचन सुरू झालं आणि आख्खं चर्च तुमच्याकडे वळून बघत होतं. … फरकोट होता, माहितीये. आता पाद्रीसाहेबांनाही माहितीये. तेव्हापासून बिचारे भर थंडीत साध्या जाकिटात हिंडतात.

… रागावू नका हो. मी तुमच्या बाजूनं बोलले होते तेव्हा. सगळ्यांना सांगितलं, की मागनं बघितलं तर मीही फोन केला असता.

… काय म्हणालात?

… परत सांगा. … रेकॉर्डिंग? कसलं रेकॉर्डिंग?

… माझ्या फोनचं? मी ९११ ला जे बोलले त्याचं? … ते ठेवतात? … आणि कुणीही मागितलं की देतात? … कुणीही? म्हणजे रस्त्यानं जाणारा येणारा गेला कचेरीत, अर्ज टाकला, की माझा आवाज त्याच्या हातात? … जनतेचा हक्क? अहो, जनतेचा हक्क रस्त्यावर असेल, पुलावर असेल. माझ्या आवाजावर कसा?

… कुणीतरी मागितलंय? … खरंच मागितलंय? … कुणी सांगितलं तुम्हाला? … डार्लीननं?

वा! वा, वन्सं! तुमची सून कौंटीच्या कचेरीत कशासाठी बसते? लोकांचं खासगी ते खासगी ठेवायला. तेवढ्याचाच पगार घेते. आणि नाश्त्याला बसली की तुमच्यापुढे सगळं … हो, घरातल्या घरात, कळलं. आपल्या गावात घरातल्या घरात म्हणजे दुपारपर्यंत पेट्रोल पंपावर.

… नाही. … नाही, घाबरले नाही. आवाज बसलाय जरा. … त्यात काय असायचंय? माणूस पडला, या. एवढंच. …

… वन्सं, डार्लीननं ऐकलंय का ते? … अजून नाही ऐकलं. बरं. … तिला म्हणावं, ऐकू नकोस. … काम आहे तिचं, आधी ऐकून तपासायचं. … देवा!

… सांगते. सांगते, ओरडू नका. एक म्हणजे … त्यात एका ठिकाणी मी फोनवरच्या त्या पोरीला म्हटलंय, ‘थांब गं पोरी, आधी काहीतरी अंगावर घेते. आणि तुझ्या माणसांना सांग, दार वाजवून आत या.’

… हॅलो? … आहात का?

… हो. … हो, त्याचा अर्थ तोच. … स्वयंपाकघरात नव्हते. … कॉफी आधीच टाकली होती. … हो, सौनेत. … हो, दोघं. … माहितीये मला रीत, वन्सं! आधी पुरुष, मग बायका. बरोबर बसायचं ते फक्त घरच्या माणसांनी. माझं बालपण काय पुलापलीकडे गेलं नाही. … पहिल्यांदा नाही. … केव्हापासून ते नका विचारू.

… शेगडीला काहीही झालेलं नाही. शेगडी उत्तम आहे.

… बोला. काय बोलायचंय ते बोला. … हं. … हं. … आर्वोच्या थडग्याच्या दगडावर माझं नाव आहे, हो. मीच हो म्हटलं होतं तेव्हा. ‘आर्वो, आणि त्याची पत्नी सेल्मा.’ जन्माचं साल, पुढे एक रेघ, आणि पुढची जागा रिकामी. दर मे महिन्यात फुलं ठेवायला जाते आणि ती रेघ बघते. … नाही, तक्रार नाही. सुंदर दगड आहे. तुम्हीच निवडलात. पण नाव कोरलंय म्हणून काय मी आतापासूनच तिथे जाऊन पडू?

… चुकले. तसं बोलायला नको होतं. …

… काय? … रेकॉर्डिंगमधलं कापतात? म्हणजे कसं? … डार्लीन कापणार? … तब्येतीचं जे असेल ते कापायचं. … बरं. … आणि नातं? कोण कुणाचं कोण लागतं तेही कापतात? त्या जागी नुसती ‘टूंऽऽ’? … खरंच? वन्सं, हे आधी नाही का सांगायचं! जीव टांगणीला लावलात माझा. कायदा चांगला आहे मग. अगदी माणसासारखा आहे. … डार्लीनला म्हणावं, ते नीट काप. आख्खं काप. थोडा मागचा, थोडा पुढचाही काप. …

… कसलं नातं? … मी कुठे म्हटलं नातं? … उगाच विचारलं. …

… बरं, ऐका. तुम्ही नाहीतरी डार्लीनकडनं काढून घेणारच. माझ्याच तोंडून ऐका.

मी बाहेर गेले, तर तो पालथा. हाक मारली, हलवलं, काही नाही. ओठ निळे. मी तशीच अनवाणी घरात धावले, ओली, फोन हातातून दोनदा निसटला. ती पोर विचारतेय, श्वास चालू आहे का? मी म्हटलं, माहीत नाही. वय काय? सांगितलं. मग विचारते, ‘तो तुमचा कोण?’

… आणि मी म्हटलं, ‘नवरा.’

… हो. … आर्वो नव्हे. ताउनो. … विचार करून नाही हो म्हटलं. विचार करायला तिनं वेळच दिला नाही. तोंडातनं तेच आलं. … आणि मग ते नुसतं तेवढ्यावर थांबलं नाही. ‘माझा नवरा आहे, लवकर या, हाही नको जायला.’ असं सारखं म्हणत होते. ती पोर म्हणत होती, हो, हो, निघालेत. … 

वन्सं, मी फार घाबरले होते. आर्वोच्या वेळी दवाखान्यात होतो, डॉक्टर होते, तुम्ही होतात, हात धरायला माणसं होती. इथे मी एकटी, तो बर्फात, आणि मला तेव्हा कळलं की हा गेला तर मला नीट रडतासुद्धा येणार नाही. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसता येणार नाही. मागे कुठेतरी बसायचं, ओळखीची म्हणून, कॅसरोल घेऊन. …

… नाही, रडत नाहीये. कॉफी गरम आहे.

… तुम्ही रडताय का? … नाही? बरं. दोघीही रडत नाही आहोत.

… त्यानं विचारलंय तर. किती वेळा विचारलंय. नाताळात विचारलं, त्याआधी विचारलं. मी म्हणते, गाव काय म्हणेल. … आणि तुम्ही काय म्हणाल. … हो, तुम्हीच. तुमचंच नाव पुढे करत होते दरवेळी. सोयीचं पडायचं. …

… नाही, त्याला नाही माहीत मी काय म्हटलं ते. तो बेशुद्ध होता ना! शुद्धीवर आला तो थेट ‘कॉफी झाली का?’ म्हणत. … रुग्णवाहिकेवरचा तो बक आहे ना, त्याला त्या पोरीनं रेडिओवरून सांगितलं होतं वाटतं. तो ताउनोला म्हणाला, ‘काका, काकू फोनवर तुमच्याबद्दल असं काही म्हणाल्या म्हणून सांगू! पण मला सांगायला बंदी आहे.’ बघा. आख्ख्या कौंटीत कायदा पाळणारा एकच माणूस, आणि त्याला नेमकी तेव्हाच बुद्धी सुचली. … मग काय, ताउनो माझ्या मागे. ‘काय म्हणालीस? काय म्हणालीस?’ … मी म्हटलं, ‘ओळखीचा’ असं म्हणाले मी. ‘ओळखीचा माणूस पडलाय, या’ म्हणाले. … हो, तोंडावर. आणि म्हटलं, पेपर येऊन जाऊ दे, बोलणं थंडावू दे, तोवर इकडे फिरकू नकोस. … गेला टोपी घालून. काही बोलला नाही. तो बोलला नाही की समजावं लागलंय.

पण ते असू दे. मला हे सांगा, रेकॉर्डिंग मागितलं कुणी? लायला असेल. … प्रेस्कॉटीण असेल. … डार्लीननं ते नाही सांगितलं? तेवढं बरं तिला गुपित वाटलं! … काय? अर्ज कुणी केला तेसुद्धा खुलं असतं? विचारलं की सांगावं लागतं? … मग विचारा! … आहे ना ती आज घरी? हाक मारा तिला, विचारा. मी जनता आहे, म्हणावं. माझा हक्क आहे. … धरते.

… हं? … कोण?

… ताउनो?

… ताउनोनं अर्ज केला? … स्वतः गेला होता? … अहो, तो माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं तरी वर्षभर टाळतो. शहरात गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून. … दाढी करून? … डार्लीन म्हणते दाढी करून आला होता? … आणि कारण काय लिहिलं? … कारण लिहावं लागत नाही. … बरं. … पण तोंडी काय म्हणाला? … ‘मला ऐकायचंय.’ … एवढंच.

…

नाही, आहे. आहे मी फोनवर.

वन्सं … ते कापणार ना? … ‘तो तुमचा कोण?’ आणि मग … टूंऽऽ. … तो यंत्राला कान लावून बसणार, ते कानातलं मशीन मोठं करून, आणि त्याला ऐकू काय येणार? टूंऽऽ. … अहो, तो समजेल मी शिवी दिली! … हसू नका! टूं कशावर घालतात टीव्हीवर? शिव्यांवरच ना! … आणि कपड्यांचं तेवढं ऐकू येईल. ते कापत नाहीत, नाही का? वा रे कायदा! नागडी म्हटलेलं ठेवायचं आणि नवरा म्हटलेलं कापायचं!

… काय म्हणते डार्लीन? … मी लिहून दिलं तर नाही कापणार? … सही करायची, की माझी हरकत नाही. …

… नाही.

… नाही, विचार केला. नको. तिला म्हणावं, काप. … कारण मग ते सगळ्यांनाच मिळेल. आज ताउनोला, उद्या लायलाला. परवा पेट्रोल पंपावर कुणीतरी फोनवर लावून दाखवेल. … बाकीचं घेऊ दे गावानं. वाफ घ्या, बर्फ घ्या, माझे कपडेही घ्या. ते एवढं नाही द्यायचं. ते त्याचं आहे. … मीच जाऊन सांगते.

आत्ताच. … कुठे म्हणजे? गोठलेल्या तलावावर. बर्फाला भोक पाडून बसला असेल त्याच्या त्या खोपटात, मासे धरत. तिथे फोन लागत नाही. … हो, चालत. … माहितीये, काठापासून त्याच्या खोपटापर्यंत सगळ्या गावाची खोपटी आहेत. सगळे दारं उघडून बघणार. … बघू देत. भर दुपारी जाते. आणि त्याच्या दारावर टकटक करून आत जाते आणि दार लावून घेते. … गाव काय म्हणायचं ते म्हणेल. तुम्ही काय म्हणता ते सांगा.

… हं. …

… लाल कोट? … तो तर फार भडक आहे हो, मी निळा घालणार होते. … बरं. बरं, लाल घालते. … हो, मफलरही.

… आणि वन्सं, त्या दगडावरचं नाव … राहू दे ना? … मलाही तसंच वाटतं. ते काही खोटं नव्हतं. आर्वोवर माझा जीव होताच, अजून आहे. …

… बरं, पुरे. तुमचं नाक वाहतंय, मला ऐकू येतंय.

… काय? आल्याबरोबर फोन करू? … काय म्हणाला ते सांगू? … शब्दन् शब्द?

… नाही हो वन्सं. मी काय बोलले ते कळलं ना तुम्हाला, तेवढं पुरे. तो काय म्हणेल ते नाही कळायचं. … पेपरातही नाही, डार्लीनकडनंही नाही. … माझ्याकडनं तर मुळीच नाही. … रुसा, खुशाल रुसा. … ठेवते.